श्रीपतचं ढिलं स्टेअरिंग

आमच्या पाड्यातली माणसं ट्रॅक्टर खाडीत धुतात. गोडं पाणी प्यायलाच पुरत नाही, ते मशीनवर कोण ओतणार, असं त्यांचं म्हणणं. भरती आली की ट्रॅक्टर उतारावरून सरळ पाण्यात घालायचा, खराट्यानं चिखल काढायचा, आणि चकाचक झाला म्हणून खूश होऊन घरी आणायचा. खारं पाणी लोखंड खातं हे त्यांना कळत नाही असं नाही. घरातले कोयते तेल लावून ठेवतात की! पण ट्रॅक्टर म्हणजे त्यांना म्हैस वाटते, ती पाण्यात बसलीच पाहिजे. मी दिनानाथ, आगाशीच्या बाजारामागे माझं गॅरेज आहे, आणि या एका सवयीपायी माझं डोकं आयुष्यभर फिरत आलंय. ओरडून ओरडून घसा बसला. एकानं ऐकलं असेल तर शपथ.

श्रीपत त्या सगळ्यांचा मुकुटमणी. माझा बालमित्र, शेजारच्याच आळीतला. त्याच्या बापानं घेतलेला लाल ट्रॅक्टर, आता लाल कुठे आणि गंज कुठे हे सांगता येत नाही, तो यानं इतकी वर्षं न चुकता खाडीत धुतला. पुढच्या चाकांचे बुश, पिना, जॉइंट, सगळं मिठानं चाटून खाल्लं. स्टेअरिंग पाव वळसा फिरवलं तरी चाकं जागची हलायची नाहीत. मग एकदम झटका बसायचा आणि चाकं वळायची. रस्त्यावर जरा वेग घेतला की पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागायची. त्यावर श्रीपतचा उपाय एकच, वेग घ्यायचाच नाही. बोळिंजच्या रस्त्यावर त्याच्यामागे गाड्यांची ही मोठी रांग लागायची, लोक हॉर्न मारून मारून थकायचे, आणि हा पठ्ठ्या पुढे तोंड करून निवांत.

रस्त्याचं सोडा. खरी गंमत बांधावर होती. आमच्या पाड्याची भातशेती खाडीच्या अंगाला आहे, आणि तिकडे जायच्या जुन्या वाटा एकेक करून कॉम्प्लेक्समध्ये गेल्या. उरला एक बांध. त्याच्या एका बाजूला बिल्डरची भिंत, दुसऱ्या बाजूला सगळ्या सोसायट्यांचं सांडपाणी घेऊन येणारा नाला. ट्रॅक्टर जेमतेम मावेल एवढी रुंदी. पावसात तो बांध असा निसरडा होतो की चालणारा माणूससुद्धा भिंतीला हात लावत जातो. त्या बांधावरून हे ढिलं मशीन नेणं फक्त श्रीपतला जमायचं. स्टेअरिंग कायम एका बाजूला ताणून धरायचं, पाव वळसा आधीच देऊन ठेवायचा, चाक वळायच्या आधी परत घ्यायचा, असलं काहीतरी त्याच्या हातात बसलं होतं. मी मेकॅनिक माणूस, मी एकदा प्रयत्न केला आणि दहा पावलांत देवाचं नाव घेत खाली उतरलो.

म्हणून लावणीआधी शेतात पाणी घेऊन चिखल करायचा, ती पाड्यातल्या प्रत्येकाची चिखलणी श्रीपतच्या हातात. पाऊस पडला की जो तो त्याच्या ओट्यावर. माझं आधी कर, माझी रोपं पिवळी पडतायत, माझा जावई सुट्टी घेऊन आलाय. हा सकाळी जो निघायचा तो चिखलानं माखून अंधार पडता पडता यायचा.

आणि याला हे काम नको होतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तरुणपणी आम्ही दोघं एकाच वेळी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागणार होतो. कबड्डीत याचं नाव होतं, मालकाला टीम उभी करायची होती, नोकरी पक्की झाली होती. तेवढ्यात याचा बाप माडावरून पडला आणि कमरेतून गेला. फक्त या पावसापुरता ट्रॅक्टर चालव, म्हणाला, पुढच्या वर्षी गडी ठेवू. झालं. तो पाऊस आजतागायत संपला नाही. मी कारखान्यात काम शिकलो, गॅरेज टाकलं. श्रीपत त्या लोखंडी सीटवर बसला तो बसलाच.

भेटला की एकच वाक्य, "अडकलो रे, दिना." लग्नाला चल म्हटलं, अडकलोय. पोराच्या निकालाला शाळेत ये, अडकलोय. त्याची बहीण डहाणूला आजारी पडली तेव्हा गाव भरून माणसं भेटून आली, हा गेला तो बाराव्यालाच. पावसाळ्यात नांगर, उन्हाळ्यात कुणाची माती, कुणाच्या विटा, गणपतीत विसर्जनाची ट्रॉली. ट्रॅक्टर कोन चालवनार, असं म्हणून तो हात वर करायचा. मला त्याची दया यायची आणि चीडही. अरे, दुरुस्त कर ना बाबा, मग कुणीही चालवेल, हे मी त्याला हज्जारदा सांगितलं असेल. हो हो करायचा आणि ट्रॅक्टर परत खाडीत घालायचा.

त्याची बायको हंसावहिनी. ती या सगळ्यात किती अडकली होती ते कुणी विचारलंच नाही. नवरा शेतावर, तिनं डबा घेऊन बांधानं जायचं, पाणी भरायचं, सासऱ्याचं अंथरुणातलं सगळं तिनंच केलं, वर लावणीला चिखलात वाकून उभं राहायचं. तिचे गुडघे गेले त्यात नवल काही नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तर ओट्याच्या पायऱ्या ती बसून उतरायची. संडास अंगणापलीकडे, पावसात अंगणात घोटाभर पाणी. एकदा तिथंच घसरून पडली आणि कुणीतरी येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हा मुलगा भूपेश उखडला. भूपेश बँकेत आहे, बोळिंजला फ्लॅट घेतलाय, लिफ्ट आहे. त्यानं डॉक्टर गाठला, दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतली. जुलैमध्ये. आधीची तारीख नव्हती आणि पुढे ढकलू नका असं डॉक्टरनं बजावलं होतं. नंतर पाचसहा महिने तरी फ्लॅटवर राहायचं.

वहिनी म्हणाली, हे येत असतील तर येते, नाहीतर इथंच मरेन. सुनेच्या घरात एकटीनं उठता-बसता दुसऱ्याचा हात मागायचा, हे तिला नको होतं. नवरा जवळ असला तर त्याला हक्कानं सांगता येतं. यात चूक काय? जन्मभर तिनं त्याचं केलं, एक पावसाळा त्यानं तिचं करावं.

आणि चमत्कार बघा, श्रीपत हो म्हणाला. मेच्या शेवटी स्वतः ट्रॅक्टर घेऊन गॅरेजला आला. म्हणाला, असा कर की विकी चालवेल. विकी त्याचा पुतण्या, सामान पोचवायचा टेम्पो चालवतो, तिशीकडे आलाय, हात एकदम साफ. चिखलणीपुरती सुट्टी घेतो म्हणाला होता. मी श्रीपतला मिठी मारायचा बाकी होतो. चहा मागवला, वर खारी.

काम मी मनापासून केलं. पुढचा भाग जॅकवर उचलला, चाक वर-खाली धरून हलवलं तर अख्खं चाक हातात खेळतंय. विकीला वर बसवून स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला लावलं आणि मी खाली एकेका जॉइंटवर हात ठेवून बघितलं, कुठला नुसता हलतो आणि पुढे काही पोचवत नाही. सगळेच. एकही धड नाही. पुढच्या दांड्याची मधली पिन अशी झिजली होती की ओळखू येईना. बुश नवे, पिना नव्या, दोन्ही टोकांचे जॉइंट नवे, चाकांचे बेअरिंग नवे. स्टेअरिंगचा बॉक्स उघडला, धुतला, नवं तेल भरलं. त्या बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो आवळला की उरलासुरला ढिलेपणा जातो, सोडला की वाढतो. वरून एक नट बसतो, स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून. तो बरोबर लावून नट कसला. शेवटी दोन्ही चाकं दोरीनं मापून सरळ केली. श्रीपत स्टुलावर बसून सगळं बघत होता. एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, बघून समाधान होतंय.

विकीनं ट्रॅक्टर रस्त्यावर काढला आणि एका हातानं चालवत आगाशीच्या तळ्याला चक्कर मारून आला. "काका, मक्खन," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो बांधावरूनही नेला आणि आणला. पाड्यातली अर्धी माणसं बघायला उभी होती. हंसावहिनीनं त्याच संध्याकाळी कोंबड्या जावेला देऊन टाकल्या आणि दोघांचे कपडे ट्रंकेतून काढून उन्हात घातले. तिला इतकं हसताना मी तिच्या लग्नानंतर पाहिलं नसेल.

मग फोन आला. विकी म्हणाला, काका, स्टेअरिंग परत ढिलं. मी म्हटलं, शक्यच नाही. जाऊन बघतो तर खरंच. जॉइंट ठणठणीत, बुश ठणठणीत, पण बॉक्सवरचा स्क्रू सुटलेला. म्हटलं, नटाचे आटे गेले असतील. नवा नट लावला. दोनचार दिवसांनी पुन्हा तेच. आता मात्र माझी झोप उडाली. माझं काम असं सुटत नाही हो. पाड्यात एकदोघं म्हणायलाही लागले की दिनाचा हात आता गेला. पेटलोच मी. तिसऱ्यांदा आवळला तेव्हा नट आणि बॉक्स मिळून वर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढला. नट कुणी फिरवला तर पट्टा तुटणार. हे फक्त मला ठाऊक.

पाऊस लागला, रोपं तयार झाली, ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यावर आली. आणि विकीचा फोन. बांधावरून नाल्यात जाता जाता वाचला होता बिचारा. मी स्कूटर काढली आणि भिजत पाड्यावर गेलो. पट्टा तुटलेला. अगदी सरळ, पान्यानं फिरवल्यासारखा.

माझं डोकं सटकलं. ट्रॅक्टर विकीच्या हातात, म्हणजे दुसरं कोण करणार? ओट्यावर श्रीपत, हंसावहिनी, विकी सगळे होते. मी विकीला नको नको ते बोललो. तुला अक्कल आहे का, स्वतः पाने लावतोस आणि नाव माझं खराब करतोस, शेजारच्या बायका ऐकायला आल्या तरी मी थांबेना. विकी आधी समजावत होता, देवाशप्पथ मी हात नाही लावला म्हणाला. मी ऐकलं नाही. मग त्यालाही चढलं. चावी श्रीपतच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "काका, तुम्हीच चालवा. मला माझा टेम्पो बरा." आणि गेला तरातरा निघून.

एवढं सगळं होताना श्रीपत खाली मान घालून बसला होता. वहिनी त्याला म्हणत होती, अहो त्याला थांबवा, तो गेला तर आपलं जानं कसं होनार. तो हलला नाही. विकीच्या बाइकचा आवाज लांब गेल्यावर मग बोलला.

"त्यानं नाय केलं. मीच सोडला नट."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, कुठला नट?

"तिन्ही वेळेला मीच. पहाटे."

वहिनी भिंतीला धरून उभी राहिली. मग त्यानंच सांगितलं, अडखळत. विकीनं बांधावरून ट्रॅक्टर नेला त्याच्या दुसऱ्या सकाळी हा एकटाच घेऊन गेला होता, कुणी उठायच्या आधी. म्हटलं, जायच्या आधी एकदा आपन नेऊन बघू. बांधावर चढला आणि हातांनी आपोआप पाव वळसा दिला, जन्मभर देत आला तसा. आता स्टेअरिंग घट्ट. देताक्षणी चाक वळलं आणि पुढचा भाग नाल्यात उतरला. कसाबसा रिव्हर्स घालून बाहेर काढला. परत प्रयत्न केला, परत तेच. डोकं सांगायचं सरळ धर, हात ऐकायचे नाहीत.

"ज्या बांधावर मी डोळे मिटून गेलो असतो तिथं मना येईना, दिना. विकीला एका दिवसात आलं, आन मना येईना. आन मग तिकडं भूपेशकडं जाऊन मी काय करू? खिडकीत बसू? इथं निदान लोक इचारतात, श्रीपत हाय का म्हनून."

मला भयंकर राग आला. जन्मभर अडकलो अडकलो म्हणून ज्यानं आमचे कान किटवले, त्याला दार उघडून दिलं तर यानं आतून कडी घातली होती. आणि विकीला माझ्या शिव्या खाऊ दिल्या. गप्प बसून. याचं मला जास्त लागलं.

वहिनी ओट्यावर बसली. बसताना तिच्या गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला. ती ओरडली नाही.

"तू म्हनायचास, सुटका नाय," ती म्हणाली. नवऱ्याला अरे-तुरे करताना तिला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "मी तुझी कीव करत बसले. मना वाटलं, हा सुटला की मीपन सुटंन. आन तुना सुटायचंच नव्हतं."

श्रीपत म्हणाला, विकीला आनतो समजावून, मी येतो, नक्की येतो. ते त्याला स्वतःलाही खरं वाटत नसावं. मी पाना हातात घेऊन तसाच उभा. शेवटी मी विचारलं, वहिनी, आवळू का?

"नको, भावजी. त्यांना पायजे तसं ठेवा. गुडघे माझे हायत, माझी मी जाईन."

मी श्रीपतकडे बघितलं. तो एवढं म्हणाला असता ना, की आवळ दिना, तर मी तिथंच नट ठोकून पक्का केला असता. तो ट्रॅक्टरकडे बघत राहिला. मी पाना खोक्यात टाकला आणि घरी आलो.

विकीची माफी मागायला मी गेलो. त्यानं चहा पाजला, पण ट्रॅक्टरचं नाव काढू दिलं नाही. म्हणजे पाड्याची चिखलणी पुन्हा श्रीपतवर. तो रोज सकाळी निघायचा, अंधार पडता पडता यायचा. लोक खूश. जुनं ते सोनं म्हणायला त्यांचं काय जातंय?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूपेश रिक्षा घेऊन आईला न्यायला आला. मी पाड्यावरच होतो, म्हणाला बसा काका, आगाशी नाक्यावर सोडतो. वहिनीची पिशवी एकच होती. उन्हात घातलेले श्रीपतचे कपडे तिनं घड्या करून परत ट्रंकेत ठेवले होते, ते मी बघितलं. श्रीपत घरी नव्हता. सकाळीच गेला होता, कुणाची तरी रोपं पिवळी पडत होती. जाताना काय बोलला ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

रस्ता नाल्याच्या या काठानं जातो आणि बांध त्या काठानं. रिक्षा वळणावर आली आणि समोर बांधावर श्रीपत दिसला. मागे चिखलणीची लोखंडी चाकं लावलेली, भिंत आणि नाल्याच्या मधून ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी येत होता. वहिनीनं भूपेशला सांगून रिक्षा थांबवली. पडदा बाजूला करून तिनं हात बाहेर काढला आणि हलवला. पावसात, बराच वेळ.

त्यानं बघितलं. मी शपथेवर सांगतो, त्यानं बघितलं, मान आमच्याकडे वळली होती. पण बांध भिजून लोणी झालेला. तिथं ट्रॅक्टर थांबवला तर मागचं चाक जागीच रुततं आणि अख्खा ट्रॅक्टर नाल्याकडे कलतो. आणि स्टेअरिंग त्या तसल्या ढिलेपणासकट, एका बाजूला ताणून धरलेलं. त्याचे खांदे वर आलेले दिसले. हात काही उठला नाही.

"भावजी," वहिनी म्हणाली, "विकी एका हातानं चालवायचा ना?"

मी म्हटलं, हो.

"तुमी आवळलं होतं तेव्हा?"

हो वहिनी, म्हटलं.

तिनं हात आत घेतला, पदरानं पुसला. ट्रॅक्टर हळूहळू भिंतीच्या पलीकडच्या वळणाशी गेला आणि दिसेनासा झाला. मग तिनं पडदा परत ओढला आणि भूपेशला रिक्षा पुढे घ्यायला सांगितलं.